फिजिक्सची गणितं सोडवायची कशी: फोर्स, फिरणं आणि करंट, तिन्हीकडे चालणारी एक सवय

फिजिक्सचं गणित समोर आलं की बहुतेक जण आधी फॉर्म्युला शोधायला लागतात. वस्तुमान दिलंय, कोन दिलाय, वेळ दिलीये, मग या तिन्ही गोष्टी ज्यात येतात असा फॉर्म्युला कुठला बरं, असं डोक्यात सुरू होतं आणि तो सापडला की आकडे घालून मोकळं. सोप्या गणितांत हे चालून जातं म्हणून तर ही सवय लागते. पुढे दोन ठोकळे, एक कप्पी आणि थोडं घर्षण एकत्र आलं की गाडी अडते, कारण नेमक्या त्या परिस्थितीचा तयार फॉर्म्युला कुठेच नसतो. मी बरीच वर्षं मुलांच्या वह्या बघतोय आणि चूक बीजगणितात क्वचित सापडते, ती बहुतेक वेळा आकृतीत असते किंवा आकृती काढलेलीच नसते.

म्हणून माझं सांगणं असं की गणित कोणाबद्दल आहे ते आधी ठरवा. एक वस्तू निवडा, तिला बाकी जगापासून वेगळी काढा, तिच्यावर कोण कोण काय करतंय ते बाणांनी दाखवा, कुठली दिशा पॉझिटिव्ह ते लिहून ठेवा आणि मग नियम लावा. ठोकळ्याला हे जितकं लागू आहे तितकंच फिरणाऱ्या चाकाला आणि सर्किटमधल्या जोडावरही. खाली मी प्रत्येक विषयातली एकदोन गणितं पूर्ण सोडवून दाखवतोय, तुम्ही कागद घेऊन सोबत सोडवलीत तरच उपयोग, नुसतं वाचून काही होणार नाही.

आकडे हातात घेण्याआधी

गणित दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्ट समजून घेण्यासाठी, काय हलतंय, कशाला बांधलंय, सुरुवातीला स्थिर आहे का. दुसऱ्यांदा वाचताना दिलेल्या गोष्टी बाजूला लिहून काढा, युनिटसकट, आणि तिथल्या तिथे सगळं एकाच पद्धतीत आणा. सेंटिमीटरचे मीटर, ग्रॅमचे किलो, मायक्रोकुलोमचे कुलोम, आरपीएमचे रेडियन प्रति सेकंद. हे काम शेवटी करू म्हणून ठेवलं की हमखास विसरतं. ३०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५ फेरे, एक फेरा म्हणजे २ पाय रेडियन, म्हणून ३१.४ रेडियन प्रति सेकंद. फिरण्याच्या बऱ्याच सूत्रांत कोन रेडियनमध्येच लागतो, डिग्री घातली की उत्तर बिनसतं. त्याच वेळी कॅल्क्युलेटर साइन-कॉस काढताना डिग्री मोडमध्ये आहे की रेडियनमध्ये हेही बघून घ्या. साइन ३० चं उत्तर ०.५ येतंय का बघायचं, दोन सेकंदांचं काम आहे.

काही शब्दांमध्ये माहिती लपलेली असते ती उलगडून लिहा. 'गुळगुळीत' म्हणजे घर्षण शून्य. 'हलकी दोरी' म्हणजे दोरीला वस्तुमान नाही. 'स्थिर वेगाने' म्हणजे त्वरण शून्य, म्हणजे सगळ्या फोर्सची बेरीज शून्य, आणि हे सगळ्यात जास्त वेळा निसटतं, कारण वस्तू चालतीये म्हणजे कोणीतरी पुढे जास्त ढकलत असणारच असं मनाला वाटत राहतं. 'घसरण्याच्या बेतात' म्हणजे स्थिर घर्षण त्याच्या कमाल मर्यादेवर पोचलंय. 'न घसरता घरंगळतंय' म्हणजे वेग = त्रिज्या × कोनीय वेग. असे शब्द म्हणजे तुम्हाला फुकटात मिळालेली समीकरणं आहेत.

फोर्स: कोण कोणाला ढकलतंय

फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकट्या वस्तूवरचे सगळे फोर्स दाखवणारी आकृती, काढताना एकच प्रश्न विचारायचा, या वस्तूला स्पर्श कोण करतंय? जो जो स्पर्श करतोय तो एक फोर्स देऊ शकतो, जमीन, दोरी, स्प्रिंग, हात, भिंत. पृष्ठभाग असेल तर तो दोन भागांत देतो, एक पृष्ठभागाला लंब म्हणजे नॉर्मल आणि एक पृष्ठभागालगत म्हणजे घर्षण. स्पर्श न करता ओढणारं सुरुवातीच्या गणितांत बहुधा फक्त गुरुत्व, पुढे चार्ज आले की विद्युत फोर्स. संपलं. प्रत्येक बाणाला 'हा कोण देतंय' याचं उत्तर देता आलं पाहिजे आणि देता येत नसेल तर तो बाण खोडा. 'गतीचा फोर्स' म्हणून पुढे काढलेला बाण याच कसोटीवर उडतो, कारण तो देणारं कोणीच नसतं. 'वस्तुमान × त्वरण' हाही आकृतीतला बाण नाही, तो समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला बसतो.

आता एक गणित. ३० डिग्रीच्या उतारावर ५ किलोचा ठोकळा ठेवलाय, स्थिर घर्षणांक ०.४ आणि गतिज घर्षणांक ०.३, त्वरण किती?

ठोकळ्याला स्पर्श फक्त उतार करतोय, म्हणून नॉर्मल आणि घर्षण, शिवाय वजन. तीन बाण. अक्ष उताराच्या दिशेने आणि उताराला लंब असे घ्या, आडवे-उभे घेऊ नका, कारण त्वरण उताराच्या दिशेने आहे आणि एक अक्ष त्वरणाच्या दिशेने ठेवला की निम्मं काम आपोआप कमी होतं. वजनाचे दोन भाग पडतात, उतारालगत एमजी साइन थीटा आणि लंब दिशेत एमजी कॉस थीटा (एम म्हणजे वस्तुमान, जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण ९.८, थीटा म्हणजे उताराचा कोन). साइन कुठे आणि कॉस कुठे हे पाठ करू नका, कोन शून्य करून बघा. जमीन सपाट झाली तर उतारालगतचा भाग शून्य व्हायला हवा, साइन शून्यचं शून्य होतं, म्हणजे तिथे साइनच.

लगेच त्वरण काढायला धावू नका. आधी विचारा, ठोकळा हलेल तरी का? ओढणारा भाग ५ × ९.८ × ०.५ = २४.५ न्यूटन. स्थिर घर्षण जास्तीत जास्त देऊ शकतं ०.४ × ५ × ९.८ × ०.८६६ = साधारण १७ न्यूटन. ओढ जास्त आहे, तेव्हा घसरणार. घसरायला लागला की गतिज घर्षण, म्हणून त्वरण = ९.८ × (०.५ − ०.३ × ०.८६६) = २.३५ मीटर प्रति सेकंद वर्ग. वस्तुमान कटून गेलं. ५ ऐवजी ५० किलो असता तरी उत्तर हेच, आणि हे लक्षात आल्यावर आकडे सगळ्यात शेवटी का घालायचे तेही कळतं, अक्षरांत सोडवलं की काय कशावर अवलंबून आहे ते डोळ्यांना दिसतं.

हेच सूत्र घेऊन कोन शून्य टाका. त्वरण येतं उणे म्यू (म्हणजे घर्षणांक) गुणिले जी, म्हणजे सपाट जमिनीवर स्थिर ठेवलेला ठोकळा आपोआप मागे पळायला लागेल! साफ अशक्य. सूत्र चुकलं का? नाही, आपण ते ठोकळा खाली घसरतोय असं धरून काढलं होतं आणि ते गृहीतच सपाट जमिनीवर लागू नाही. टोकाच्या किमती घालून बघायची ही सवय मला तरी सगळ्यात मोलाची वाटते, कारण उत्तर बरोबर आहे का याच्या पुढे जाऊन ते कुठवर बरोबर आहे हे ती सांगते.

घर्षणावर जरा थांबतो, कारण इथे फार घोळ होतो. सपाट जमिनीवर १० किलोची पेटी आहे, स्थिर घर्षणांक ०.४, तुम्ही २० न्यूटनने आडवं ढकलताय, घर्षण किती? बहुतेकांचं उत्तर ३९.२ न्यूटन येतं, म्यू गुणिले नॉर्मल. पण ती कमाल मर्यादा आहे. २० न्यूटनला पेटी हलत नाही, म्हणजे घर्षणही बरोबर २०. घर्षण ३९.२ असतं तर पेटी ढकलणाऱ्याच्या अंगावर आली असती. स्थिर घर्षण गरजेपुरतंच असतं, मर्यादा ओलांडली की हार मानतं.

नॉर्मल म्हणजे एमजी हेही असंच आंधळेपणाने लिहिलं जातं. तीच १० किलोची पेटी दोरीने ३७ डिग्री वरच्या बाजूला ५० न्यूटनने ओढली तर दोरी स्वतःच पेटीला ५० × ०.६ = ३० न्यूटनने वर उचलतीये, मग जमिनीला उरले ९८ − ३० = ६८ न्यूटन. नॉर्मलची किंमत कधीच आठवायची नाही, ती लंब दिशेच्या समीकरणातून काढायची.

वर्तुळाकार गतीबद्दल थोडक्यात. सेंट्रिपेटल (केंद्राकडे ओढणारा) नावाचा वेगळा फोर्स नसतो, आकृतीत तो काढायचा नाही. टेन्शन (दोरीची ओढ), नॉर्मल, गुरुत्व, घर्षण यांपैकी जे असतील त्यांची केंद्राच्या दिशेने बेरीज करायची आणि ती वस्तुमान × वेगवर्ग भागिले त्रिज्या बरोबर मांडायची. दोरीला बांधून उभ्या वर्तुळात फिरवलेला दगड सगळ्यात वर असताना टेन्शन आणि वजन दोन्ही खालीच, म्हणजे केंद्राकडेच, म्हणून दोघांची बेरीज. दोरी ढिली पडण्याच्या बेतात असेल तर टेन्शन शून्य, आणि १ मीटर त्रिज्येला कमीत कमी वेग येतो वर्गमूळ ९.८, म्हणजे ३.१३ मीटर प्रति सेकंद.

दोन वस्तू, एक दोरी, आणि मग कप्पीला वजन आलं की

एका कप्पीवरून दोरी, एका टोकाला ३ किलो, दुसऱ्या टोकाला २ किलो, कप्पी हलकी आणि गुळगुळीत. दोन वस्तू म्हणजे दोन वेगळ्या आकृत्या, दोन्ही एकाच चित्रात कोंबू नका. ३ किलो खाली जाणार म्हणून त्याच्यासाठी खाली पॉझिटिव्ह, २ किलो वर जाणार म्हणून त्याच्यासाठी वर पॉझिटिव्ह. दिशा अशी दोरीबरोबर वळवली की दोघांचं त्वरण एकाच चिन्हाचं राहतं.

पहिल्याचं: ३ × ९.८ − टेन्शन = ३ × त्वरण.
दुसऱ्याचं: टेन्शन − २ × ९.८ = २ × त्वरण.

बेरीज केली की टेन्शन उडतं, ९.८ = ५ × त्वरण, म्हणजे १.९६. टेन्शन दोन्हीकडून काढा, ३ × (९.८ − १.९६) = २३.५२ आणि २ × (९.८ + १.९६) = २३.५२. जुळलं. उत्तर २९.४ आणि १९.६ च्या मध्ये आलंय हेही बघा, यायलाच हवं होतं, कारण जड बाजूला वजन जिंकतंय आणि हलक्या बाजूला दोरी. टेन्शन म्हणजे खाली लटकवलेलं वजन असं धरून चालणाऱ्यांनी हे गणित दोनदा सोडवावं.

आता तीच कप्पी २ किलोची भरीव चकती करा, दोरी तिच्यावर घसरत नाही. इथे फोर्सच्या धड्यातून फिरण्याच्या धड्यात आपण नकळत शिरतो आणि मला हे गणित त्यासाठीच आवडतं. कप्पी आता तिसरी वस्तू झाली, तिचीही आकृती हवी. आणि कप्पीला फिरवायला टॉर्क, म्हणजे फोर्सचा फिरवण्याचा परिणाम, लागणार, तो येणार कुठून? दोन्ही बाजूंच्या टेन्शनमधल्या फरकातून. म्हणजे वजनदार कप्पीच्या दोन्ही बाजूंना टेन्शन सारखं असूच शकत नाही. हे एक वाक्य समजलं की पुढचं नुसतं लिहिणं आहे.

कप्पीसाठी: (पहिलं टेन्शन − दुसरं टेन्शन) × त्रिज्या = जडत्वाचा मोमेंट (फिरण्याच्या बाबतीत वस्तुमानाचं काम करणारी राशी) × कोनीय त्वरण. भरीव चकतीचा मोमेंट अर्धा × वस्तुमान × त्रिज्यावर्ग, आणि दोरी घसरत नाही म्हणून कोनीय त्वरण = त्वरण भागिले त्रिज्या. सगळं घातलं की त्रिज्या उडून जाते आणि उरतं टेन्शनमधला फरक = अर्धा × २ × त्वरण, म्हणजे १ × त्वरण. कप्पी जणू १ किलोचं जादा ओझं असल्यासारखी वागतेय. तिन्ही समीकरणांची बेरीज: ९.८ = (३ + २ + १) × त्वरण, त्वरण १.६३. टेन्शन २४.५ आणि २२.८७, फरक १.६३, कप्पीच्या समीकरणात बरोबर बसतो. कप्पीचं वस्तुमान शून्य केलं तर आधीचं उत्तर परत यायला हवं आणि येतं.

फिरणं: टॉर्क कुठल्या बिंदूभोवती घ्यायचा

फोर्सच्या गणितात जशी वस्तू निवडायची तशी इथे वस्तू आणि बिंदू दोन्ही निवडायचे. वस्तू समतोलात असेल तर बिंदू कुठलाही चालतो, नियम तो बदलत नाही, पण कष्ट खूप बदलतात. ज्या बिंदूतून सगळ्यात जास्त अज्ञात फोर्स जातात तो बिंदू घ्या, कारण तिथे त्यांचा टॉर्क शून्य होतो.

शिडीचं गणित बघा. गुळगुळीत भिंतीला एकसमान शिडी जमिनीशी ६० डिग्री कोनात टेकवलीये, ती घसरू नये म्हणून जमिनीशी घर्षणांक किती तरी हवा? फोर्स चार आहेत: वजन मध्यावर, भिंतीचा नॉर्मल आडवा वरच्या टोकाला, जमिनीचा नॉर्मल आणि घर्षण खालच्या टोकाला. खालच्या टोकाभोवती टॉर्क घेतला की शेवटचे दोन गायब. वजनाचा लिव्हर आर्म (बिंदूपासून फोर्सच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर) अर्धी लांबी × कॉस ६०, भिंतीच्या नॉर्मलचा पूर्ण लांबी × साइन ६०. बरोबर मांडा, भिंतीचा नॉर्मल = वजन भागिले (२ टॅन ६०). आडव्या दिशेत घर्षण = भिंतीचा नॉर्मल, उभ्या दिशेत जमिनीचा नॉर्मल = वजन. म्हणून घर्षणांक किमान १ भागिले (२ × १.७३२) = ०.२९. शिडीची लांबीही उडाली, वजनही उडालं. शिडी जास्त उभी केली की टॅन वाढतो, कमी घर्षणात भागतं, आणि शिडी लावताना हाताला जे जाणवतं ते हेच. (माणूस शिडीवर चढला की त्याचं वजनही आकृतीत येणार आणि तो जितका वर तितकं जास्त घर्षण लागणार, ते करून बघा.)

टॉर्क काढताना फोर्स × अंतर एवढंच लिहून थांबू नका. अंतर लंब हवं. फोर्सची रेषा दोन्हीकडे लांबवा, बिंदूपासून त्या रेषेवर लंब टाका, तो लिव्हर आर्म. साइन की कॉस या गोंधळातून यात सुटका होते.

आता घरंगळणं. त्याच ३० डिग्रीच्या उतारावरून भरीव गोळा, भरीव सिलिंडर आणि पातळ रिंग एकाच वेळी सोडल्या, कोणीच घसरत नाही, खाली आधी कोण पोचेल? मोमेंट तिघांचा अनुक्रमे दोन पंचमांश, एक द्वितीयांश आणि एक, गुणिले वस्तुमान × त्रिज्यावर्ग. हा जो आकडा आहे त्याला के म्हणू. सरळ गतीचं समीकरण: एमजी साइन थीटा − घर्षण = वस्तुमान × त्वरण. फिरण्याचं, मध्याभोवती: घर्षण × त्रिज्या = मोमेंट × कोनीय त्वरण, म्हणजे घर्षण = के × वस्तुमान × त्वरण. एकत्र केलं की त्वरण = जी साइन थीटा भागिले (१ + के). गोळ्याला ३.५, सिलिंडरला ३.२७, रिंगला २.४५ मीटर प्रति सेकंद वर्ग. वस्तुमान नाही, त्रिज्या नाही, फक्त वस्तुमान मध्यापासून कसं पसरलंय तेवढंच. मोठा गोळा आणि छोटी गोळी सोबतच पोचतात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी स्वतः दोन वेगवेगळे गोळे घेऊन तपासलं होतं, तुम्हीही तपासा.

यात दोन ठिकाणी ठेच लागते. घर्षण इथे उताराच्या वरच्या दिशेला आहे आणि तेच गोळ्याला फिरवतंय, गुरुत्व मध्यातून जातं म्हणून त्याचा मध्याभोवती टॉर्क शून्य. आणि हे घर्षण स्थिर प्रकारचं आहे, म्हणून त्याची किंमत म्यू × नॉर्मल लिहायची नाही, समीकरणातून जी येईल ती. गोळ्यासाठी ते एमजी साइन थीटाच्या दोन सप्तमांश येतं. स्पर्शबिंदू त्या क्षणी स्थिर असल्याने या घर्षणात ऊर्जाही खर्च होत नाही, म्हणून फक्त वेग विचारला असेल तर ऊर्जेच्या वाटेने जा, एका ओळीत काम होतं. वेळ, त्वरण किंवा टेन्शन विचारलं असेल तर फोर्स आणि टॉर्क.

वीज: आधी दिशा, मग आकडे

चार्जच्या गणितात मायनस चिन्ह सूत्रात घालून गोंधळ करून घेण्यापेक्षा मोठेपणा वेगळा काढा आणि दिशा आकृतीवरून ठरवा. दोन चार्जमधला फोर्स अंतराच्या वर्गाने कमी होतो हा नियम कुलोमने १७८५ मध्ये पीळ पडणाऱ्या तारेच्या तराजूवर मोजून मांडला, आणि घर्षणावरचं त्याचं काम त्याच्याही आधीचं आहे, म्हणजे आपण वर उतारावर जे केलं त्यातही हाच माणूस आहे.

गणित: ४ मायक्रोकुलोम आणि १ मायक्रोकुलोम, दोन्ही पॉझिटिव्ह, ३० सेंटिमीटर अंतरावर. इलेक्ट्रिक फील्ड, म्हणजे त्या जागी १ कुलोम पॉझिटिव्ह चार्जवर लागेल तो फोर्स, शून्य कुठे? समीकरण लिहायच्या आधी रेषेचे तीन भाग करा, डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि प्रत्येक भागात दोन्ही फील्डचे बाण काढा. बाहेर दोन्ही बाण एकाच दिशेला, शून्य शक्यच नाही. मध्ये विरुद्ध, तिथेच शोधायचं. फील्ड अंतराच्या वर्गाने कमी होतं, चार्ज ४ पट म्हणून अंतर २ पट, म्हणजे मोठ्यापासून २० आणि छोट्यापासून १० सेंटिमीटर. कुठलाच मोठा गुणाकार लागला नाही.

आता छोटा चार्ज मायनस १ करा. मध्ये दोन्ही बाण एकाच दिशेला झाले, तो भाग बाद. बाहेर विरुद्ध आहेत, पण मोठ्या चार्जच्या बाजूला तो जवळही आहे आणि ताकदवानही, छोटा त्याला कधीच पुरा पडणार नाही. म्हणून छोट्याच्या पलीकडे. अंतर पुन्हा २ पट हवं: मोठ्यापासून ६० आणि छोट्यापासून ३० सेंटिमीटर. थेट वर्गसमीकरण मांडलं असतं तर दोन उत्तरं आली असती आणि त्यातलं कुठलं घ्यायचं यावर अडला असतात.

पोटेन्शियल (१ कुलोम चार्जमागची ऊर्जा) मात्र स्केलर, म्हणजे दिशा नसलेली राशी, आहे, तिथे बाण नाहीत, कोन नाहीत, चिन्हासकट नुसती बेरीज. म्हणून काम किंवा वेग विचारला असेल तर फील्डच्या मागे लागण्याआधी पोटेन्शियलने होतंय का बघा.

सर्किटकडे वळू. इथे 'वस्तू वेगळी काढा' याचा अर्थ जोड आणि लूप वेगळे काढा. किरचॉफने हे दोन नियम १८४५ मध्ये, विद्यार्थी असतानाच मांडले. जोडात येणारा करंट जाणाऱ्या करंटइतका, आणि कुठल्याही लूपभोवती फिरून मूळ जागी आलं की व्होल्टेजची बेरीज शून्य. पहिला नियम चार्जबद्दल, दुसरा ऊर्जेबद्दल.

साधं आधी: १२ व्होल्टची बॅटरी, अंतर्गत रोध १ ओहम, बाहेर ३ ओहम सिरीजमध्ये आणि पुढे ६ व ३ ओहम पॅरलल. पॅरललचे २ ओहम, एकूण १ + ३ + २ = ६, करंट २ अँपिअर. बॅटरीच्या टोकांना १२ − २ × १ = १० व्होल्ट. पॅरलल भागावर २ × २ = ४ व्होल्ट, म्हणून ६ ओहममधून ०.६७ आणि ३ ओहममधून १.३३ अँपिअर. पडताळा पॉवरने: बॅटरी देते १२ × २ = २४ वॅट, खर्च होतात ४ + १२ + २.६७ + ५.३३ = २४. करंट पुढे जाता जाता 'संपतो' असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे बघावं, पहिल्या रोधातून २ गेले आणि पुढच्या दोघांतून मिळून २ च गेले, उतरलं ते व्होल्टेज.

आणि पॅरलल ओळखायचं कसं? चित्रात रेषा समांतर दिसतायत यावरून नाही. दोन्ही रोधांची दोन्ही टोकं त्याच दोन बिंदूंना जोडलेली असतील तर पॅरलल, मग चित्र कितीही वेडंवाकडं काढलेलं असो. एका सलग तारेला एक रंग द्या, रोध ओलांडला की रंग बदला. ज्या दोन रोधांच्या दोन्ही टोकांना रंगांची तीच जोडी आली ते पॅरलल. सिरीज म्हणजे मधल्या जोडावर तिसरा कोणी लटकलेला नाही.

आता दोन बॅटऱ्या. डाव्या फांदीत १२ व्होल्ट आणि २ ओहम, उजव्या फांदीत ६ व्होल्ट आणि ३ ओहम, मधल्या फांदीत फक्त ६ ओहम, तिन्ही फांद्या वर आणि खाली त्याच दोन बिंदूंना जोडलेल्या, दोन्ही बॅटऱ्यांचं पॉझिटिव्ह टोक वर. खालचा बिंदू शून्य व्होल्ट धरा, वरच्याला व्ही म्हणा. दोन्ही बॅटऱ्यांमधून करंट वर येतो आणि मधून खाली जातो असं धरू.

(१२ − व्ही) भागिले २ + (६ − व्ही) भागिले ३ = व्ही भागिले ६.

६ ने गुणा: ३६ − ३ व्ही + १२ − २ व्ही = व्ही, म्हणून व्ही = ८. डावा करंट २ अँपिअर, मधला १.३३, उजवा (६ − ८) भागिले ३ = उणे ०.६७. इथे घाबरून सगळं खोडणारी मुलं मी पाहिलीयेत. उणे चिन्ह चूक दाखवत नाही, धरलेल्या दिशेच्या उलट करंट चाललाय एवढंच सांगतं, म्हणजे दुसरी बॅटरी चार्ज होतेय. दिशा चुकीची धरली तरी गणित चुकत नाही, मात्र एकदा धरली की अर्ध्यात बदलू नका. पडताळा: पहिली बॅटरी देते २४ वॅट. त्यातले ८ दोन ओहमात, १.३३ तीन ओहमात, १०.६७ सहा ओहमात आणि ४ वॅट दुसऱ्या बॅटरीत. बेरीज २४.

कपॅसिटर (चार्ज साठवणारा घटक) सर्किटमध्ये आला तर सुरुवातीच्या गणितांत दोनच क्षण विचारतात. रिकामा कपॅसिटर स्विच लावल्याबरोबर साध्या तारेसारखा, आणि बराच वेळ गेल्यावर तुटलेल्या तारेसारखा. त्याप्रमाणे सर्किट नव्याने काढा आणि वरच्यासारखंच सोडवा.

सराव करताना

सोडवलेलं गणित बघून 'कळलं' वाटणं आणि स्वतःला सुटणं यात फार अंतर आहे. उत्तर बघितलंत तर हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या कागदावर परत सोडवा आणि सुटलं की त्यातली एक गोष्ट बदला, घर्षण आणा, कप्पीला वजन द्या, बॅटरी उलटी लावा. वीस गणितं वरवर करण्यापेक्षा पाच गणितं अशी उलटीसुलटी करून बघितलेली जास्त कामाला येतात. चुकलेल्या गणिताशेजारी चूक कुठल्या पायरीवर झाली ते एका ओळीत लिहून ठेवा, वाचण्यात, आकृतीत, चिन्हात, की हिशेबात. दहाबारा गणितांनंतर ती यादी वाचली की तुमची चूक कुठे होते ते तुम्हालाच दिसेल, आणि ती बहुधा दरवेळी एकाच जागी असते.

एक गणित तुमच्यासाठी. ४ किलोचा भरीव सिलिंडर, त्रिज्या ०.२ मीटर, आडव्या आसावर मोकळा फिरतो. त्याला गुंडाळलेल्या हलक्या दोरीला ३ किलोची बादली बांधून सोडली. त्वरण, टेन्शन आणि बादली २ मीटर खाली गेल्यावर वेग काढा. आकृत्या दोन, समीकरणं दोन, आणि दोरी घसरत नाही ही तिसरी अट. उत्तरं ५.८८ मीटर प्रति सेकंद वर्ग, ११.७६ न्यूटन आणि ४.८५ मीटर प्रति सेकंद यायला हवीत. मग ऊर्जेने पडताळा, गुरुत्वाकडून मिळालेले ५८.८ ज्यूल, त्यातले ३५.२८ बादलीच्या गतीत आणि २३.५२ सिलिंडरच्या फिरण्यात. तुमचं टेन्शन २९.४ आलं असेल तर बादलीची आकृती परत काढा.